दादाला शिकवलेली अक्षरं

माझा थोरला भाऊ सहा वर्षं मॉरिशसचा हेवीवेट बॉक्सिंग चॅम्पियन होता आणि त्या सहा वर्षांत त्याला कुणीही हरवलं नाही. आमच्या एवढ्याशा बेटावर तेवढ्या वजनाची माणसंच थोडी, म्हणून तो जिंकतो, असं म्हणणारे होते. पण शेजारच्या रेयुनियों बेटावरून, मादागास्करहून धिप्पाड गडी यायचे आणि सुजलेली तोंडं घेऊन परत जायचे. मी हे मिरवण्यासाठी सांगत नाही. मी आता निवृत्त शिक्षिका आहे. आयुष्यभर लोकांच्या पोरांना अक्षरं शिकवली. त्यातली एक शिकवणी मी एका माणसाशिवाय कुणालाही सांगितलेली नाही. ती दादाची होती.

आम्ही पितों गावचे. घराच्या तीन बाजूंना ऊस आणि चौथीला रस्ता. बाबा उसाच्या मळ्यात मजूर होते. त्यांचे आजोबा कोकणातून गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, आले एवढंच त्यांना ठाऊक होतं. गाव कुठलं ते सांगता यायचं नाही. घरात आम्ही मराठी बोलायचो, म्हणजे दोन शब्द मराठी, तिसरा इथल्या क्रिओल भाषेतला आणि राग आला की भोजपुरी. दादा चौथीत होता तेव्हा उसाच्या गाडीचं चाक बाबांच्या पायावरून गेलं. पाय राहिला, पण कामाचा राहिला नाही. दादाला शाळेतून काढून मळ्यात घातलं. त्याच वर्षी मला शाळेत घातलं. मी पाच वर्षांची होते. दादा सकाळी मला शाळेच्या फाटकापर्यंत सोडायचा आणि कोयता खांद्यावर टाकून तसाच पुढे जायचा.

सोळाव्या वर्षी तो दारातून वाकून आत यायला लागला. अठराव्या वर्षी त्याने मळा सोडला आणि पोर्ट लुईच्या बंदरावर साखरेच्या गोणी वाहायचं काम धरलं. इतर लोक एक गोण पाठीवर घ्यायचे. दादा दोन घेऊन बोटीच्या फळीवर चढायचा. बंदरावरचा मुकादम एक म्हातारा क्रिओल माणूस होता. तरुणपणी त्याने बॉक्सिंग केलं होतं आणि एका रिकाम्या गोदामात तो बंदरातल्या गड्यांना शिकवायचा. त्याने दादाच्या मनगटाला आपल्या बोटांचा वेढा घालून पाहिला, तो पुरला नाही, आणि म्हणाला, "उद्यापासून काम सुटलं की घरी जायचं नाही."

आईला ते कधीच पटलं नाही. दादाने पहिल्यांदा हातमोजे घरी आणले तेव्हा तिने ते हातात घेऊन वास घेतला आणि म्हणाली, "हे कातडं कसलं आहे ते मला कळतं. देवघर असलेल्या घरात हे यायचं नाही." तेव्हापासून ते मोजे न्हाणीघराच्या बाहेर खिळ्याला टांगलेले असायचे. पावसात भिजायचे, उन्हात कडक व्हायचे. कामावर निघताना दादा ते आपटून आतले किडे झाडायचा आणि पिशवीत टाकायचा.

तो चॅम्पियन झाला तेव्हा मॉरिशसला स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. चिन्याच्या दुकानात रेडिओ होता. तिथे अर्धं गाव जमलं होतं. बातमी आली आणि बाबा, जे लंगड्या पायामुळे दारापलीकडे जायचे नाहीत, ते काठी टेकत दुकानापर्यंत गेले आणि लोकांकडून पुन्हा पुन्हा ऐकून आले. त्यानंतर गणपतीत मूर्ती डोक्यावर घेऊन नदीवर जायचा मान दादाचा झाला. झाकरीच्या नाचात ढोलकीही त्याच्याच गळ्यात. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात त्याला पहिल्या रांगेत बसवायचे, मंत्र्याच्या शेजारी. खुर्ची लहान पडायची, म्हणून तो पूर्ण वेळ अवघडून बसायचा.

वहिनी मोका गावची. तिचे वडील सरकारी कचेरीत कारकून होते, घरात पुस्तकं होती. पितोंच्या मजुराच्या घरात मुलगी द्यायला ते तयार झाले ते चॅम्पियन म्हणूनच. पण वहिनीने दादाला चॅम्पियन म्हणून पसंत केलं नव्हतं. ती मला म्हणाली होती, "बघायला आला तेव्हा चहाचा कप त्याने दोन्ही हातांनी धरला होता. कप फुटेल म्हणून घाबरला होता. मला तेवढं पुरलं." वर्षभराने त्यांना मुलगी झाली.

लग्नानंतर काही दिवसांनी वहिनी एकदा त्याचा डबा घेऊन त्या गोदामात गेली होती. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "बाय, लोक म्हणतात तुझा भाऊ मारतो. तो मारत नाही, तो खातो. त्याच्या वजनाचा दुसरा कुणी नाही, म्हणून मुकादम दोन हलके गडी आळीपाळीने त्याच्यावर सोडतो. ते माशीसारखे फिरतात आणि याच्या तोंडावर मारतात. एक दमला की दुसरा. हा मध्येच एखादा मारतो. रोज असंच."

लढतीतही त्याचं तसंच होतं. तीन खायचे आणि एक द्यायचा. तो एक बसला की समोरचा उठायचा नाही. लोक तो एकच मोजायचे.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी शिक्षक प्रशिक्षण पूर्ण करून त्रियोलेच्या शाळेत शिकवायला लागले होते. एका रविवारी दुपारी दादा पायरीवर बसला होता. मी फणसाचे गरे ताटलीत घेऊन त्याच्या डाव्या बाजूला उभी राहिले. तो रस्त्याकडे बघत होता. मी हात पुढे करून उभी आणि तो बघेचना. मी म्हटलं, "घे की." तो एवढ्या जोरात दचकला की त्याच्या कोपराने ताटली उडाली. मला वाटलं चिडला. पण तो लगेच खाली वाकून गरे गोळा करायला लागला. उजवीकडचे सगळे वेचले आणि ताटली मला परत दिली. डावीकडे पाच-सहा गरे तसेच पडले होते, त्याच्या पावलाला लागून.

मी त्याच्यासमोर बसले. तळहाताने त्याचा उजवा डोळा झाकला आणि विचारलं, "मी किती बोटं धरलीत?"

त्याने मान वाकडी केली. मग म्हणाला, "तीन."

मी एकही बोट धरलं नव्हतं.

"कधीपासून, दादा?"

"गेल्या ऊसतोडणीपासून. आधी ठिणग्या उडायच्या. मग खालून काळं चढायला लागलं. टाकीत पाणी भरतं ना, तसं. आता वरती एक फट राहिली आहे, त्यातून उजेड दिसतो."

"मुकादमाला माहीत आहे?"

"नाही. आणि तू सांगायचं नाहीस. आईला नाही, हिला नाही." वहिनीचा आवाज स्वयंपाकघरातून येत होता. त्याने तिकडे मान केली, अख्खी मान, जशी तो अलीकडे सारखी करायचा. आणि मला एकदम लक्षात आलं की गेले कित्येक महिने हा माणूस अशीच मान फिरवून बघतो आहे आणि एका घरात राहून आम्हाला कुणालाही ते कळलं नाही.

पुढच्या आठवड्यात त्याने मला सगळं सांगितलं. बंदरावर यंत्रं येणार होती. साखर गोणीत न भरता पट्ट्यावरून थेट बोटीत पडणार होती. गोण्या वाहणारे सगळे घरी जाणार. बॉक्सिंगच्या संघटनेच्या लोकांनी त्याला शब्द दिला होता की रेयुनियोंचा नवा गडी येतो आहे, त्याच्याशी लढून चॅम्पियनचा पट्टा राखलास तर सरकारी क्रीडांगणावर तुला कायमची नोकरी लावून देतो. पण लढतीआधी डॉक्टरचा दाखला लागायचा. डॉक्टर छाती बघायचा, नाडी बघायचा आणि भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचायला लावायचा. एक डोळा झाकून, मग दुसरा.

"आधीच्या दाखल्याच्या वेळी काळं अर्ध्यावर होतं," दादा म्हणाला. "मान वाकडी करून वरच्या फटीतून वाचलं. आता फटीत अक्षर मावत नाही."

"मग नको लढूस."

"बाय, तो तक्ता मला पाठ करून दे."

मी नाही म्हटलं. तीन दिवस नाहीच म्हटलं. त्याने माझ्यासाठी शाळा सोडली होती, हे त्याने तेव्हा काढलं नाही. त्याने ते आयुष्यात एकदाही काढलं नाही. तो एवढंच म्हणाला, "तू दुसऱ्यांच्या पोरांना शिकवतेस."

आईला चष्मा हवाच होता. मी तिला त्याच दवाखान्यात घेऊन गेले. ती आत डॉक्टरसमोर बसली होती तेव्हा मी तिच्या मागे उभी राहून तो तक्ता वहीत उतरवून घेतला. परिचारिकेने विचारलं, "काय लिहिताय?" मी म्हटलं, "शाळेतल्या मुलांसाठी." ती हसली.

तीन रविवार आम्ही घरामागे पेरूच्या झाडाखाली बसलो. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मी कोळशाने मोठी अक्षरं काढली. दादाला इंग्रजी अक्षरं अर्धवट यायची. एफ आणि ई यांत तो गोंधळायचा, झेड म्हटलं की हसायचा. उजव्या डोळ्याला लावून तो आधी प्रत्येक अक्षरावरून बोट फिरवायचा, मग दोन्ही डोळे मिटायचा. वाचून पाठ होईना तेव्हा त्याने मांडीवर झाकरीचा ठेका धरला. ई. एफ, पी. टी, ओ, झेड. ठेक्यावर त्याला दोन दिवसांत सगळं आलं. मग मला तो ठेका मोडावा लागला, कारण असं गाऊन कुणी तक्ता वाचत नाही. मी त्याला सांगितलं, "अडखळत म्हण. तिसऱ्या ओळीनंतर डोळा बारीक कर. आणि शेवटच्या ओळीत एक चूक कर. सगळं बरोबर आलं तर त्याला संशय येईल."

"कुठली चूक?"

"डीच्या जागी ओ म्हण."

हे मी सुचवलं. त्याला ते सुचलं नसतं. लबाडी त्याच्या स्वभावात नव्हती, त्यामुळे ती मलाच बारकाईने करावी लागली. डॉक्टर तक्त्यावर मधलंच एखादं अक्षर दाखवून विचारेल याची मला भीती होती. म्हणून मी त्याला सांगितलं की डोळा झाकला की थांबायचं नाही, डॉक्टरने अक्षर दाखवायची काठी उचलायच्या आत वरून सुरुवात करायची.

तपासणीच्या दिवशी मी शाळेत वर्गावर होते. संध्याकाळी घरी आले तर दादा रस्त्यावरच उभा. त्याने मला कमरेला धरून उचललं आणि तसंच अंगणात आणलं. "आयो बाय, पास झालो! दोक्तेर म्हणाला, डोळे घारीचे आहेत!"

आईने विचारलं, "कसली परीक्षा दिलीस रे?"

"दोक्तेरची," तो म्हणाला. आईने देवापुढे साखर ठेवली. चौथीत शाळा सुटलेल्या माझ्या भावाने आयुष्यात पास केलेली तेवढी एकच परीक्षा. मीही त्या दिवशी हसले. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता.

लढत पोर्ट लुईला एका रविवारी दुपारी झाली, उघड्या मैदानात मांडव घालून. तोपर्यंत मी त्याची एकही लढत पाहिली नव्हती. या वेळी मी गेले. दुसऱ्या खेपेचा सातवा महिना असूनही वहिनीही आली. मुलीला आईपाशी ठेवलं. आम्ही तिसऱ्या रांगेत होतो, दादाच्या कोपऱ्याजवळ.

रेयुनियोंचा गडी दादापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान होता आणि पायांनी चपळ. पहिल्या फेरीत त्याने सगळीकडून मारून पाहिलं. दुसऱ्या फेरीच्या मध्यावर त्याचा उजव्या हाताचा एक ठोसा दादाच्या डाव्या कानशिलावर बसला आणि मी पाहिलं की तो गडी क्षणभर थांबला. दादाने हातसुद्धा वर नेला नव्हता. त्या माणसाला तेव्हाच कळलं. मुकादमाला इतक्या महिन्यांत कळलं नाही, डॉक्टरला कळलं नाही, ते त्याला पाच मिनिटांत कळलं. त्यानंतर तो दादाच्या डाव्या बाजूनेच फिरत राहिला आणि तिथूनच मारत राहिला.

"गोस! गोस!" मुकादम ओरडत होता. डावीकडे, डावीकडे बघ. लोकही ओरडायला लागले.

वहिनीने माझा दंड धरला. "हा हात का वर करत नाही? बाय, हा हात का वर करत नाही?"

मला उत्तर माहीत होतं. मी म्हटलं, "दमला असेल."

असं पाचव्या फेरीपर्यंत चाललं. दादाच्या चेहऱ्याची डावी बाजू उरलीच नाही. मला उठून ओरडायचं होतं, थांबवा म्हणून. थांबवलं असतं तर तो हरला असता, नोकरी गेली असती आणि का थांबवलं ते सांगावं लागलं असतं. मी बसून राहिले. या तिन्हींपैकी कुठल्या कारणाने बसून राहिले ते मी अजून स्वतःला सांगू शकलेले नाही.

सहाव्या फेरीत दादाने डावा हात लांब केला, अंधारात भिंत चाचपावी तसा, आणि त्या गड्याच्या मानेला लागला. लागल्याबरोबर त्याने मान धरून ठेवली. पंच सोडवायला येईपर्यंत एक क्षण मिळाला. हाताने माणूस कुठे आहे ते कळलं होतं. त्याने उजवा मारला. तो गडी गुडघ्यावर आला आणि मग बाजूला कलंडला.

लोकांनी दादाला खांद्यावर घेतलं. फटाके वाजले. आम्ही गर्दीतून त्याच्यापाशी पोहोचलो तेव्हा वहिनी रडत होती. त्याने मान फिरवून फिरवून दोन्हीकडे पाहिलं आणि म्हणाला, "कुठे आहात तुम्ही?" आम्ही त्याच्यासमोर उभ्या होतो.

नोकरीचा शब्द संघटनेच्या लोकांनी खरंच पाळला. दोन महिन्यांत पत्र आलं. पण सरकारी नोकरी, म्हणून पुन्हा तपासणी, आणि ती मोठ्या इस्पितळात. वहिनीची बाळंतपणातली ताकद अजून पुरती भरली नव्हती, दुसरं मूल जन्मतःच गेलं होतं, म्हणून त्याच्याबरोबर मी गेले. तिथे तक्ता नव्हताच. तरुण डॉक्टरने त्याला अंधाऱ्या खोलीत बसवलं, डोळ्यात थेंब घातले आणि दिव्याच्या भिंगाने आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तो माझ्याकडे वळला.

"हा डोळा मेला आहे. वर्ष-दीड वर्ष झालं असेल. उजव्याचाही पडदा सुटायला लागला आहे. हा माणूस लढला कसा? दाखला कुणी दिला?"

दादा म्हणाला, "मी सगळी अक्षरं वाचली."

डॉक्टरने पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या पिशवीचा बंद धरून बसले होते. तो म्हणाला, "सुरुवातीलाच आला असता तर दोन्ही वाचवता आले असते." त्याने कागदावर लिहिलं की हा इसम नोकरीस अपात्र आहे, आणि शिक्का मारला.

उजव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली. आठवडाभर तो वाळूच्या पिशव्यांमध्ये डोकं ठेवून निश्चल पडून होता. पट्टी काढल्यावर त्याला वहिनीच्या साडीचा रंग ओळखता आला. सहा महिन्यांनी तोही ओळखता येईना. बंदरावर यंत्रं आली आणि गोण्या वाहणारे घरी बसले. दादा आधीच घरी बसलेला होता. बाबा त्याच पावसाळ्यात गेले. शेवटपर्यंत त्यांना वाटत होतं की डोळ्यांना कुणाची तरी दृष्ट लागली आहे.

ऐंशीनंतर आमच्या बेटावर कपड्यांचे कारखाने उभे राहिले आणि गावोगावच्या बायका बसमधून स्वेटर विणायला जायला लागल्या. वहिनीही जायला लागली. दिवसभर घरी आई आणि दादा. लोक भेटायला यायचे. हात हातात घेऊन म्हणायचे, "सांप्यों!" म्हणजे चॅम्पियन, "कुणी पाडू शकलं नाही तुला!" सुरुवातीला तो हसायचा. पुढे त्याची जीभ जड झाली. बोलताना शब्द एकमेकांत अडकायचे, जसे दारू प्यायलेल्याचे, आणि तो तर कधी प्यायचा नाही. मग एकच गोष्ट तो दहा वेळा विचारायला लागला. हात थरथरायचे. आईने त्याला भरवायला सुरुवात केली. लोक यायचे कमी झाले, मग थांबले. मुकादम मात्र दर महिन्याला यायचा, केळी घेऊन. एकदा जाताना फाटकापाशी मला म्हणाला, "मला वाटायचं डावी बाजू आळशी आहे. मी त्याला शिव्या द्यायचो." त्याचे डोळे भरले होते. मी त्यालाही सांगितलं नाही.

मग ते झालं. वहिनीची सुट्टी होती, दुपारची वेळ. दादा खाटेवर बसला होता. त्याला आंघोळीला न्यायला ती मागून आली आणि तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. रोजच ठेवायची. त्या दिवशी त्याच्या डोक्यात काय चाललं होतं कोण जाणे. तो वळला आणि त्याने उजवा मारला.

मी शाळेतून आले तेव्हा शेजारी जमले होते. वहिनी जमिनीवर बसली होती, हनुवटी एका बाजूला सरकलेली, पदर रक्ताने भिजलेला. आठ वर्षांची पोर भिंतीला चिकटून उभी होती. दादा गुडघ्यांवर बसून वहिनीच्या चेहऱ्यावरून हात फिरवत होता आणि सारखा विचारत होता, "कोण आहे? कोण आहे हे? कुणाला लागलं?"

इस्पितळात वहिनीने न्हाणीत पडले असं खुणेने सांगितलं. तिचे वडील तिला आणि मुलीला मोक्याला घेऊन गेले. ते मला एवढंच म्हणाले, "चॅम्पियनला मुलगी दिली, ही माझी चूक."

तीन आठवड्यांनी मी मोक्याला गेले. वहिनीचा जबडा तारेने बांधलेला होता, तोंड उघडत नव्हतं. खोलीत आम्ही दोघीच होतो. मी तिला सगळं सांगितलं. फणसाचे गरे, आईचा चष्मा, वहीत उतरवलेला तक्ता, पेरूचं झाड, डीच्या जागी ओ. आणि मैदानात तिने विचारलं तेव्हा मला उत्तर ठाऊक होतं, हेही.

तिने मुलीची वही ओढली आणि फ्रेंचमध्ये लिहिलं, कारण लिहायला आम्हा दोघींना तीच भाषा पहिल्यांदा शिकवलेली. एकच ओळ होती. मला सांगितलं असतं तर मी दारात आडवी पडले असते.

ती खरंच पडली असती. ते मला तेव्हाही माहीत होतं, म्हणून तर मी सांगितलं नव्हतं.

दादा त्यानंतर चार वर्षं जगला. मी लग्न केलं नाही. लोक म्हणायचे भावासाठी, आणि मी म्हणू द्यायचे. रोज संध्याकाळी तो विचारायचा, "ही कुठे आहे?" मी म्हणायचे, "कारखान्यात गेली आहे, येईल." तो मान हलवायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचा. शेवटच्या हिवाळ्यात त्याच्या छातीत कफ भरला आणि इस्पितळात नवव्या दिवशी तो गेला. एवढा मोठा माणूस, खाटेवर अर्धाही उरला नव्हता.

संघटनेचे लोक आले. त्यांनी फुलांचं चक्र आणलं होतं. एकाने स्मशानात भाषण केलं, की हा मृत्यूशिवाय कुणापुढे झुकला नाही. आई माझ्या शेजारी बसली होती. तिने मला विचारलं, "हा कोण माणूस आहे? याला गप्प बसायला सांग."

वहिनी मुलीला घेऊन आली होती. तेरा दिवस राहिली. स्वयंपाक केला, आईचे पाय चेपले, भटजींना वाढलं. माझ्याशी कामापुरतं बोलली. चौदाव्या दिवशी मी त्या दोघींना बसच्या थांब्यावर सोडायला गेले. पोर आता उंच झाली होती, ती थोडी पुढे उभी होती. बस लांब वळणावर दिसली तेव्हा वहिनी म्हणाली, "बाय, माझ्या मनातून ते गेलेलं नाही. जाणारही नाही."

"माहीत आहे," मी म्हटलं.

"पण ही तुझी आठवण काढते. सुट्टीत येत जा."

बस आली. तिने मुलीला आधी चढवलं, मग पिशवी घेतली आणि आत जाऊन खिडकीपाशी बसली. पुढच्या महिन्यात मी मोक्याला गेले. तिने दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि चहा ठेवायला आत गेली.